स्कूटरच्या लेड बॅटऱ्या काढून घरीच लिथियम पॅक बांधावा का?

धायरीकर
मंडळी, घरी एक बिननंबराची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. 250 वॉट, ताशी 25, लायसन लागत नाही ती. 48 व्होल्ट, म्हणजे पायाखाली बारा-बाराच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या. सौ. रोज धायरीहून शिवाजीनगरला जाते, जाऊन येऊन पंचवीसेक किलोमीटर. पूर्वी घरी पोचल्यावर वर भाजीची एक फेरी व्हायची. हल्ली परतताना राजाराम पूल आला की गाडी मान टाकते आणि मला फोन येतो.

दुकानदार म्हणतो, चारही नवीन टाका. ऑफिसातला मित्र म्हणतो, लेडवर पैसे घालूच नकोस, लिथियम पॅक घरी बांध. सेल तापकीर गल्लीत मिळतात, स्पॉट वेल्डर ऑनलाइन येतो, बाकी व्हिडिओ बघून होतं म्हणे. मला सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं, मल्टिमीटर आहे, रविवार मोकळा असतो. कोणी केलंय का? आणि केलं असेल तर पुन्हा कराल का?

शनिवारातला_शहाणा
गाडीला पेडल आहेत का? असतील तर राजाराम पुलापासून पुढचा व्यायाम फुकट. जिमचे पैसे वाचले.

जुगाड_जिंदाबाद
बांधा हो, बिनधास्त बांधा! मी बांधलाय. 18650 आकाराचे (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) 104 सेल, आठ-आठ समांतर जोडून असे 13 गट एकापुढे एक, म्हणजे 13 सिरीज 8 पॅरलल, 20 अँपिअर-अवर. पूर्ण चार्ज झाला की 54.6 व्होल्ट. तीसेक किलोचं लेडचं ओझं गेलं आणि पॅक भरला सहा किलोच्या आत. धायरीच्या चढाला गाडी आता रडत नाही. बाजारातला तयार पॅक महाग पडतो, कारण त्यात दुकानदाराचं भाडं आणि त्याच्या मेव्हण्याचा पगार धरलेला असतो. एक बीएमएस (सेलांवर नजर ठेवून गडबड दिसली की पॅक तोडणारं सर्किट) घ्या, निकेलची पट्टी घ्या, उष्णता सोसणारी कॅप्टन टेप घ्या, बसा. घाबरवणारे येतीलच आता.

पुणेरी_चिकित्सक
कॅप्टन नाही, कॅप्टॉन.

जुगाड_जिंदाबाद
आलेच.

भोसरी_सेकंडशिफ्ट
घाबरवायला नाही, पण लिहिते. भोसरी एमआयडीसीत पॅक जुळवणीच्या लाइनवर काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर.

धायरीकर, वेल्डिंग हा यातला सोपा भाग आहे. अवघड काम त्याच्या आधीचं, सेल निवडण्याचं. आमच्याकडे प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजून गट पाडतात, मगच तो सेल पॅकमध्ये जातो. कारण सिरीजमध्ये जोडलेल्या सेलची दिंडी असते, सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्याच्या चालीनेच सगळ्यांना चालावं लागतं. एक गट अशक्त निघाला की तोच आधी रिकामा होतो आणि चार्जिंगला तोच आधी भरतो, म्हणजे दोन्हीकडून मार त्यालाच. लोक म्हणतात, बीएमएस बॅलन्स करेल. स्वस्त बीएमएसचा बॅलन्सिंगचा करंट तीस ते साठ मिलीअँपिअर असतो. गटागटांत एक अँपिअर-अवरचा फरक असेल तर पन्नास मिलीअँपिअरने तो भरून काढायला वीस तास लागतात. तुमच्या सौ. सकाळी निघणार आहेत.

सेल विकत घेताना वजन करा. खरा 18650 पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तिशीत भरला तर परत द्या. वर 9900 लिहिलं असेल तर वजन करायचीही गरज नाही, त्या आकारात 3500 च्या आसपास मर्यादा येते. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवीन वेष्टन चढवलेले सेल तर सर्रास विकले जातात. टॉर्चला चालतील. स्कूटरला नाही.

आणि एक गोष्ट व्हिडिओत कोणी दाखवत नाही. सेलचा सगळा डबा निगेटिव्ह असतो, अगदी पॉझिटिव्ह टोकाच्या खांद्यापर्यंत. मध्ये फक्त ते पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन. पट्टी त्या खांद्यावरून जाते आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर हादरे बसून वेष्टन कापलं गेलं की शॉर्ट. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर चिकट कागदाची रिंग लावायची असते. जुगाड, तुम्ही लावल्या आहेत का?

जुगाड_जिंदाबाद
लावल्यात ताई. 104 च्या 104. सेलही नवेच घेतले होते, लॅपटॉपचे नाहीत. पट्टीसुद्धा तपासून घेतली. दुकानदार शुद्ध निकेल म्हणून निकेल चढवलेलं पोलाद गळ्यात मारतो. ग्राइंडरला लावली की पोलादाच्या ठिणग्या उडतात, निकेलच्या उडत नाहीत. घरी ग्राइंडर नसेल तर पट्टीवर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी गंज दिसला तर मालकाला नेऊन दाखवा.

मला म्हणायचंय ते एवढंच, की काळजीपूर्वक केलं तर घरी होतं. अशक्य म्हणू नका.

भोसरी_सेकंडशिफ्ट
अशक्य म्हटलंच नाही. रिंगा लावणारा माणूस वेगळा आणि "व्हिडिओ बघून होतं" म्हणणारा वेगळा. दुसऱ्यांचे दुरुस्तीला आलेले घरगुती पॅक उघडले की निम्म्यांत रिंगा नसतात, आणि पॅकची मुख्य वायर एकाच पट्टीच्या टोकाला डकवलेली असते. मधल्या पट्ट्यांत करंट वाटला जातो, त्या टोकाला मात्र अख्खा अठरा-वीस अँपिअर एका पातळ पट्टीतून जातो. तिथली टेप काळी पडलेली असते.

अँपिअर_आजोबा
धायरीकर, एक विचारू? चारही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या का?

धायरीकर
नाही आजोबा, एकत्रच मोजल्या. रात्रभर चार्ज केल्यावर 51 च्या वर दाखवतात, म्हणून वाटलं सगळ्याच सारख्या थकल्यात.

ताई, प्रतिसादाबद्दल खूप आभार. जुना चार्जर लिथियमला चालेल का? तोही 48 व्होल्टचाच आहे.

टिळकरोडवाला
वाचतोय. माझ्याकडेही हीच गाडी आहे.

भोसरी_सेकंडशिफ्ट
नाही चालणार, आणि आगीची निम्मी भांडणं इथेच सुरू होतात. 48 व्होल्ट हे नुसतं नाव आहे. चार लेडचा चार्जर 58-59 व्होल्टपर्यंत चढतो. जुगाड यांचा 13 सिरीजचा पॅक 54.6 ला भरतो. म्हणजे दर वेळी चार व्होल्ट जास्तीचा चार्जर आणि मध्ये उभा एकटा बीएमएस. तो शेवटचा पहारेकरी आहे, रोजचा स्विच नव्हे. त्याचा मॉस्फेट, म्हणजे करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, एकदा शॉर्ट होऊन अडकला की विषय संपला.

तुम्हाला लिथियमच हवं असेल तर लोह-फॉस्फेट घ्या, एलएफपी. 16 सिरीज, 51.2 व्होल्ट, पूर्ण भरला की 58.4. कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) साधारण 42 ला बंद होतो, तेव्हा एका सेलला 2.6 येतात, तेही चालण्यासारखं. आकडे लेडच्या इतके जवळ आहेत की जुनाच चार्जर लावायचा मोह होतो. तरी लावू नका. लेडचा चार्जर भरल्यावरही तासन्‌तास फ्लोटवर, म्हणजे थोड्या कमी व्होल्टेजवर, धरून ठेवतो, काही चार्जर तर सल्फेट झाडायला मध्येच पल्स मारतात. 58.4 चा एलएफपीचा चार्जर वेगळा मिळतो, तोच घ्या.

एनएमसीपेक्षा (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे लिथियम सेल) एलएफपी जड आणि जागा जास्त खाणारं, पण बिथरायला जास्त तापमान लागतं आणि बिथरलं तरी स्वतःहून ऑक्सिजन फारसा सोडत नाही. लेडची रिकामी झालेली जागा एवढी असते की आकाराची तक्रार करायला वाव नाही. 32700 आकाराचे 6 अँपिअर-अवरचे 64 सेल घेतले तर 24 अँपिअर-अवर होतात, वजन दहा किलोच्या आसपास.

चेतकप्रेमी
थोडं अवांतर. वडिलांची जुनी बजाज चेतक पडून आहे. मागच्या चाकात हब मोटर आणि डिकीच्या बाजूला एलएफपी पॅक, असं डोक्यात आहे. नवी इलेक्ट्रिक चेतक 2020 मध्ये आली तेव्हापासून मनात आहे, पण मला तीच बाबांची पत्र्याची हवी. आडवी करून किक मारायचं सुख जाईल, तेवढं सहन करू.

नियमावली
चेतकप्रेमी, तुमची गाडी नंबरप्लेटची आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न धायरीकरांपेक्षा वेगळा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 बघा, कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात परस्पर बदल चालत नाही. पेट्रोलची इलेक्ट्रिक करायची तर एआयएस-123 या वाहन मानकानुसार मंजुरी मिळालेलं किट, त्याचा अधिकृत बसवणारा, आणि मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलणं. घरी बसवलेली हब मोटर यात कुठेच बसत नाही.

धायरीकर, तुमच्या गाडीला सूट आहे ती तिच्या दुबळेपणामुळे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटरला सलग 30 मिनिटं देता येणारी शक्ती 0.25 किलोवॉटच्या आत, वेग ताशी 25 च्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, अशा मान्यताप्राप्त गाडीला मोटार वाहन धरत नाहीत. पॅक बदलताना मेकॅनिक हमखास विचारतो, "कंट्रोलर पण मोठा टाकू का, पंचेचाळीस पळेल." टाकला की ती मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही. कुणाला धडकलात तर भरपाई तुमच्या खिशातून.

जुगाड_जिंदाबाद
ती पांढरी वायर तोडली की वेग वाढतो ते इथे लिहू नका म्हणजे झालं.

नियमावली
तुम्हीच लिहिलंत.

शनिवारातला_शहाणा
आम्ही रोज सकाळी गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, तुमच्या चेतकला काय देणार.

सोसायटीची_सेक्रेटरी
विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे एकजण पॅक काढून तिसऱ्या मजल्यावर नेतात आणि दाराबाहेर जिन्यात चार्जिंगला लावतात. जिन्यात नको म्हटलं तर "मग कॉमन मीटरवर पार्किंगमध्ये द्या" म्हणतात, आणि तिथे कमिटीतले काका युनिट मोजत बसतात. मार्च 2022 मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे घबराट आहेच. काय करावं?

भोसरी_सेकंडशिफ्ट
जिना हा सगळ्यांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता. तिथे तर नाहीच, आणि घरातसुद्धा मुख्य दाराजवळ नाही. पार्किंगमध्ये, उघड्यावर, वेगळा एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग असलेला सॉकेट. काकांना सांगा, धायरीकर वहिनींएवढं चालवणाऱ्या गाडीला महिन्याला वीसेक युनिटं लागतात. मीटिंगच्या चहाला यापेक्षा जास्त जातात. सबमीटर लावा आणि मोकळे व्हा.

2022 च्या त्या आगींनंतरच एआयएस-156 या बॅटरीसुरक्षेच्या मानकाचे नियम कडक झाले, 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. पॅकमध्ये पाणी शिरू नये, सेल कुठून आला याचा माग लागावा, आत गडबड झाली तर चालवणाऱ्याला सूचना मिळावी, असं बरंच काही त्यात आलं. तयार पॅक घेताना त्याच्या चाचणीचा कागद मागा. दुकानदार "कागद कशाला, मी आहे ना" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

टिळकरोडवाला
पार्किंगमध्ये लाल पावडरचा सिलिंडर लटकवलाय आम्ही. पुरेल?

अँपिअर_आजोबा
पावडरीने ज्वाळा बसते, पॅक आतून तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटतो. भरपूर पाणी लागतं, थंड करायला. पण ते तुम्ही करायचं नाही, धूर विषारी असतो. माणसं लांब करा आणि 101 ला फोन करा.

वारज्याची_पोर
पावसाचं काय? आमच्याकडे सगळ्या गाड्या उघड्यावर असतात. जुलै 2024 मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा मावशीची स्कूटर सीटपर्यंत बुडाली होती. वाळल्यावर चालू झाली म्हणून तिने चार्जिंगला लावायला घेतली, मी वायर ओढून काढली.

भोसरी_सेकंडशिफ्ट
शाब्बास. बुडालेला पॅक चालू झाला तरी तपासल्याशिवाय चार्ज करायचा नाही. आत ओल राहते, बीएमएसचे पाय गंजतात आणि बिघाड महिन्याभराने उगवतो. डबा घरी करणार असाल तर वायर बाहेर येते तिथे केबल ग्लँड (वायरीभोवती आवळून पाणी अडवणारं बूच), आणि ती तोंड खाली करून. भोकाला सिलिकॉन फासणं म्हणजे ग्लँड नव्हे.

जुगाड_जिंदाबाद
एक काडी मीही टाकतो, खरी उपयोगाची. धायरीकर, एलएफपी टाकलात तर डॅशबोर्डचे कांडे विसरा. ते लेडच्या व्होल्टेजवर बेतलेले असतात. एलएफपी नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत 3.3 आणि 3.2 च्या मधेच लोळत असतं. कांडे फुल्ल, फुल्ल, फुल्ल, आणि वारज्याच्या पुलावर एकदम अंधार. शंट (करंट मोजायची पट्टी) लावून अँपिअर-अवर मोजणारा मीटर बसवा, किंवा ब्लूटूथवाला बीएमएस.

पुणेरी_चिकित्सक
म्हणजे "रडत नाही" म्हणणाऱ्या गाडीची तुमचीही तक्रार आहे तर.

जुगाड_जिंदाबाद
माझा पॅक एनएमसी आहे साहेब. त्याचा व्होल्टेज उतरताना दिसतो. मल्टिमीटर घेऊन कधीही या, चहा पाजतो. साखर मोजून.

अँपिअर_आजोबा
सगळं ऐकलं. माझा प्रश्न तसाच राहिला. धायरीकर, पॅनेल उघडा, चारही बॅटऱ्यांची टोकं उघडी करा. गाडी चढावर लावा, कोणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगा, एकाने गाडी धरा, आणि भार असताना एकेकीचा व्होल्टेज बघा. स्वस्थ असताना सगळ्याच 12.7 दाखवतात, त्याला काही अर्थ नसतो.

धायरीकर
आजोबा, आत्ताच सौ.ला ॲक्सिलरेटर देऊन केलं. शेजाऱ्यांनी विचारलं, गाडी चोरताय का. तिघी भाराखाली 11.8 च्या आसपास. चौथी 9.4 ला पडली, आणि सोडल्यावर पुन्हा 12.5. म्हणजे ही एकटीच?

अँपिअर_आजोबा
हीच. ती कोसळली की कंट्रोलरला एकूण व्होल्टेज कमी दिसतो आणि तो गाडी तोडतो. बाकीच्या तिघींत अजून जीव आहे. एक बदला.

भोसरी_सेकंडशिफ्ट
आजोबांचं निदान बरोबर, औषधाशी मी अर्धी सहमत. नवीन बॅटरी जुन्या तिघींबरोबर जोडली की एकाच चार्जरवर त्या सारख्या भरत नाहीत. जुन्या पुन्हा मागे पडतात आणि वर्षाच्या आत दुसरी बसते. तात्पुरतं ठीक. जोडायच्या आधी नवीन आणि जुन्या तिघी वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या, म्हणजे निदान सुरुवात एका रेषेवर होईल.

शनिवारातला_शहाणा
एवढ्या चर्चेनंतर उत्तर "एक बॅटरी बदला"? ऑफिसातल्या मित्राला कसं तोंड दाखवणार?

धायरीकर
मित्राला सांगेन की प्रकल्प विचाराधीन आहे.

असं ठरवलंय. ओळखीतून एक वापरलेली पण भाराला टिकणारी बॅटरी मिळतेय, ती टाकून हा पावसाळा काढतो. दिवाळीच्या सुमारास चाचणीचा कागद असलेला तयार 16 सिरीज एलएफपी पॅक आणि त्याचाच चार्जर. डबा आणि वायरिंग मी करणार, तेवढी हौस भागवून घेतो. कंट्रोलर जसा आहे तसाच. भोसरीताई, 24 अँपिअर-अवर पुरेल ना?

भोसरी_सेकंडशिफ्ट
51.2 गुणिले 24, साधारण 1230 वॉट-अवर. एकटीने, या वेगाने, किलोमीटरला वीस धरा. साठेक किलोमीटर कागदावर. मागे तुम्ही बसलात आणि चढ आला तर तीस धरा, तरी चाळीस. भाजीची फेरी परत मिळेल. बीएमएस मात्र सलग 30 अँपिअरचा असलेला बघा, डब्यावर लिहिलेला मोठा आकडा क्षणिक असतो.

चेतकप्रेमी
माझ्या चेतकचं काय?

नियमावली
मंजूर किट मिळेपर्यंत कार्बोरेटर साफ करा.

जुगाड_जिंदाबाद
धायरीकर, दिवाळीत त्या चार लेड काढाल तेव्हा मला कळवा. त्यातल्या बऱ्या निघतील त्या घेतो, गॅलरीतल्या दिव्यांना होतील. भंगाराच्या भावाने देणार असाल तर.

धायरीकर
बॅटरीचा दुकानदार किलोवर घेऊन नवीनमध्ये वळते करतो.

जुगाड_जिंदाबाद
लिथियम घेताय ना? त्यात लेडचे कसले वळते करतो तो. भंगाराचा भाव आणि वर एक चहा.

भोसरी_सेकंडशिफ्ट
नऊ व्होल्टला पडणारी त्यांना विकू नका. ती दुकानदारालाच परत जाऊ दे, आम्लासकट.

जुगाड_जिंदाबाद
तिघींचा भाव सांगा.